बीएस्सी गणितानंतर साथी, किडी आणि जंगलाचं गणित : बेळगाव भागातून संशोधनात जायचं तर नेमकं काय करायचं?

मार्कंडेय_काठ

बीएस्सीला गणित घेतलेल्या मुलामुलींचा आपल्या भागात एक ठरलेला प्रश्न असतो : बी.एड. आणि बँकेच्या परीक्षा सोडून पुढं काय? कोविडच्या दिवसांत आर-नॉट (एका रुग्णाकडून सरासरी किती जणांना लागण होते तो आकडा), साथीचं शिखर वगैरे ऐकून काहींना साथरोगांच्या गणिताचं कुतूहल लागलंय. कुणाला उसावरच्या किडीचं गणित करायचंय. पण असलं काम चालतं कुठं, आत जायची परीक्षा कुठली, बेळगाव-खानापुरात बसून काय शिकता येतं, हे सांगणारं माणूस सापडत नाही.

म्हणून हा धागा. जाणकारांनी परीक्षा, विषय, पगार, खाचखळगे सविस्तर लिहावेत. 'जिद्द असेल तर सगळं जमतं' छापाचे प्रतिसाद नकोत. सीमाप्रश्नही नको, त्याला वेगळे धागे भरपूर आहेत.

टिळकवाडी_तिसरं_गेट

परीक्षांचं मी लिहितो, बाकीचं इतर लिहितीलच.

एमएस्सी बाहेर करायची तर जॅम, म्हणजे आयआयटी वगैरेंची एमएस्सी प्रवेश परीक्षा. गणिताचा पेपर तीन तासांचा, ६० प्रश्न, १०० गुण. पहिल्या भागात एकच उत्तर बरोबर असलेले ३० प्रश्न, आणि निगेटिव्ह मार्किंग फक्त त्यांनाच : एका गुणाच्या प्रश्नाला एक तृतीयांश, दोन गुणांच्या प्रश्नाला दोन तृतीयांश. दुसऱ्या भागात १० प्रश्न, तिथं एकापेक्षा जास्त पर्याय बरोबर असू शकतात आणि सगळे अचूक निवडले तरच गुण. तिसऱ्या भागात २० प्रश्न, उत्तराचा आकडा टाइप करायचा. आपली मुलं गळतात ती दुसऱ्या भागात. विद्यापीठाच्या पेपरात प्रमेय पाठ करून उतरवता येतं, इथं प्रमेयातली एक अट काढली तर काय मोडतं ते विचारतात. उपाय रटाळ पण खात्रीचा : रिअल अ‍ॅनालिसिस आणि लिनियर अल्जेब्राच्या प्रत्येक प्रमेयाखाली, प्रत्येक अट काढून, एकेक प्रतिउदाहरण लिहून ठेवायचं. याच जॅमवरून बेंगळुरूच्या आयआयएस्सीत इंटिग्रेटेड पीएचडीलाही जाता येतं.

एमएस्सी धारवाड, राणी चन्नम्मा किंवा कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातून केली तरी दार बंद होत नाही. पुढं सीएसआयआर-नेट आहे, संशोधन आणि प्राध्यापकीसाठीची देशपातळीवरची परीक्षा. गणिताचा पेपर २०० गुणांचा. 'अ' भागात २० पैकी १५ प्रश्न, 'ब' भागात ४० पैकी २५, 'क' भागात ६० पैकी २०. 'क'च्या प्रत्येक प्रश्नाला ४.७५ गुण आणि निगेटिव्ह मार्किंग नाही. अर्धवट बरोबरला मात्र शून्य. म्हणजे ९५ गुण एकट्या 'क'मध्ये. तिथं २० प्रश्न सोडवायचेच, कोरं काही ठेवायचं नाही. जेआरएफ (संशोधनाची शिष्यवृत्ती) मिळाली तर पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये, नंतर ४२,०००, घरभाडं वेगळं. २०२४ पासून नेटचा निकाल तीन गटांत लागतो; 'फक्त पीएचडी प्रवेश' या गटातला निकाल एकच वर्ष चालतो, हे मुलं विसरतात.

आता खास आपल्या भागाचा मुद्दा. सेट ही राज्याची परीक्षा. महाराष्ट्राची सेट काढली की चंदगड-कोल्हापूरच्या कॉलेजात सहायक प्राध्यापक व्हायला पात्र, बेळगावात नाही. केसेट, म्हणजे कर्नाटकची सेट, काढली की नेमकं उलट. नेट दोन्हीकडे चालते. दोन्ही बाजूंना अर्ज करायचेत तर नेटच काढा, नाहीतर दोन्ही सेट द्याव्या लागतील. आणि कर्नाटकच्या सरकारी पदवी कॉलेजांच्या भरतीत कन्नडचा पेपर असतो. मराठी माध्यमातून आलेल्यांनी तो शेवटच्या महिन्यावर ढकलू नये.

पगार : यूजीसीच्या सातव्या वेतन आयोगाप्रमाणे सहायक प्राध्यापकाचं मूळ वेतन ५७,७०० पासून. पण कायम जागा निघेपर्यंत बरेच जण अतिथी अध्यापक म्हणून तासांवर शिकवत राहतात, आणि त्या तासांत संशोधन मरतं. पीएचडीला जायचं असेल तर आधी जा, 'दोन वर्षं शिकवून मग' हे गणित सहसा जुळत नाही.

लोंढा_जंक्शन

वरचं सगळं बरोबर, फक्त त्यात जीवशास्त्र कुठंच आलं नाही. नेटच्या तयारीतून मॉडेलिंग येत नाही.

बीएस्सीच्या शेवटच्या वर्षापासून तीन गोष्टी समांतर चालवाव्यात. पहिली, डिफरन्शियल इक्वेशन : सूत्रं लावून उत्तर काढायची नव्हेत, तर समतोल बिंदू, जेकोबियन, आयगेनव्हॅल्यू, फेज-प्लेन ही. दुसरी, प्रोबॅबिलिटी आणि स्टॅटिस्टिक्स : पॉयसाँ, निगेटिव्ह बायनॉमिअल, लाइकलीहूड (निवडलेले पॅरामीटर हातातल्या आकड्यांशी किती जुळतात त्याचं माप). आपल्याकडं गणितवाले स्टॅटिस्टिक्सला सावत्र भावंड समजतात आणि पुढं त्यातच अडकतात. तिसरी, एक प्रोग्रॅमिंग भाषा, आर किंवा पायथन. दोन्ही फुकट आहेत, आठ जीबी रॅमचा साधा लॅपटॉप पुरतो.

जीवशास्त्र किती? बारावीच्या पुस्तकातलं पक्कं असलं तरी सुरुवातीला चालतं. पण ज्या रोगावर किंवा किडीवर काम करायचं तिचं जीवनचक्र तोंडपाठ हवं. उदाहरण आपल्याच जंगलाचं घ्या. क्यासनूर फॉरेस्ट डिसीज, म्हणजे माकडताप. १९५७ साली शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूर जंगलात पहिल्यांदा ओळखला गेला. २०१५-१६ मध्ये खानापूरला लागून असलेल्या सत्तरी आणि दोडामार्ग भागात रुग्ण सापडले. विषाणू गोचिडीतून पसरतो. गोचिडीच्या अवस्था तीन : अळी, निम्फ, प्रौढ. माणसाला प्रामुख्यानं निम्फ चावते, म्हणून रुग्ण कोरड्या महिन्यांत, साधारण डिसेंबर ते मेमध्ये दिसतात. माकडं मरतात. माणूस मात्र टोकाचा यजमान : त्याच्यापासून गोचिडीला किंवा दुसऱ्या माणसाला लागण पुढं जात नाही.

आता नवखा विद्यार्थी काय करतो? डेंग्यूचं मॉडेल उचलतो आणि डासाच्या जागी गोचीड लिहितो. त्यात माणसाकडून वाहकाकडं जाणारं पद असतंच. ते पद ठेवलं की आर-नॉट फुगतो आणि 'माणसांना लस दिली की साथ थांबेल' असा निष्कर्ष निघतो. लशीनं माणूस वाचेल, जंगलातलं चक्र तसंच चालू राहील. दुसरी चूक, गोचिडीचा एकच कप्पा (मॉडेलमधला एका अवस्थेचा गट) करणं. अळीनं घेतलेला विषाणू ती निम्फ झाल्यावर चावते तेव्हा पुढं जातो, मध्ये महिने जातात. एका कप्प्यात हा उशीर हरवतो आणि साथ चुकीच्या महिन्यात शिखर गाठते. समीकरण बरोबर सुटलेलं असतं. जीवनचक्र चुकलेलं असतं.

कुंदा_नको_करदंट_द्या

थोडं कडू लिहितो. गणिती जीवशास्त्राच्या नावाखाली आपल्या देशात निघणाऱ्या पेपरांचा एक साचा आहे. भक्ष्य-भक्षक मॉडेल घ्या. त्यात एक नवीन पद घाला : भीतीचा परिणाम, अ‍ॅली इफेक्ट (संख्या फार घटली की वाढही मंदावणं), टाइम डिले, काहीही. समतोल बिंदू काढा, राउथ-हर्विट्झ लावून स्थिरता तपासा, हॉफ बायफर्केशन (समतोल मोडून हेलकावे सुरू होणं) दाखवा, मॅटलॅबची चार रंगीत चित्रं टाका, पाठवून द्या. पॅरामीटरच्या तक्त्यात शेवटच्या रकान्यात 'गृहीत' असं दहा वेळा लिहिलेलं असतं. प्राणी कुठला ते अख्ख्या पेपरात नसतं. अशा सहा पेपरांवर पीएचडी होते, नोकरीही लागते, पण बाहेरच्या पोस्टडॉकच्या मुलाखतीत 'हा डिले किती दिवसांचा आणि कुठल्या प्रयोगातून आला' या पहिल्याच प्रश्नाला माणूस गप्प होतो.

गाइड निवडताना एक चाचणी : त्यांचे शेवटचे पाच पेपर उघडा, फक्त पॅरामीटरचा तक्ता आणि सहलेखक बघा. तक्त्यात मोजलेल्या किमती आहेत का? सहलेखकांत कुणी डॉक्टर, कीटकशास्त्रज्ञ, पर्यावरणवाला आहे का? दोन्ही उत्तरं 'नाही' असतील तर जाताना डोळे उघडे ठेवून जा.

टिळकवाडी_तिसरं_गेट

@कुंदा_नको, सगळ्याच सैद्धांतिक कामाला झोडपू नका की. रॉसनं १९११ मध्ये मलेरियाची समीकरणं मांडली तेव्हा आकडे कुठं पुरेसे होते? तरी 'डास शून्य करायची गरज नाही, एका मर्यादेखाली आणले तरी पुरे' हे समीकरणातूनच आलं.

कुंदा_नको_करदंट_द्या

मान्य, पण रॉसचं प्रत्येक पद डासाच्या पोटात डोकावून आलं होतं. १८९७ साली सिकंदराबादेत त्यांनीच तो परजीवी डासात शोधला होता!

आणि सिद्धांताला उपयोग असतो तो कुठला, तेही दाखवतो. रॉस-मॅक्डोनाल्डच्या सूत्रात डासाचा मृत्युदर दोन जागी येतो : एकदा छेदात, एकदा घातांकात, कारण परजीवी डासात पिकेपर्यंत डास जगला पाहिजे. समजा, पिकायला १० दिवस आणि रोजचा मृत्युदर ०.१. तो ०.२ केला तर आर-नॉट निम्मा होत नाही, सुमारे साडेपाच पटींनी घटतो. डासांची संख्या निम्मी केली तर मात्र फक्त निम्मा. म्हणून अळ्या मारण्यापेक्षा प्रौढ डासाचं आयुष्य कमी करणं मलेरियात भारी पडतं. कागद-पेन्सिलीनं पाच मिनिटांत करून बघा. असा सिद्धांत असेल तर मी हात जोडतो.

घटप्रभा_पूल

माझा मुद्दा डेटाचा, आणि तो आपल्या जिल्ह्यात जितका गुंतागुंतीचा आहे तितका क्वचित कुठं असेल.

सरकारी रोग-देखरेखीत तीन प्रकारचे फॉर्म असतात : एस म्हणजे लक्षणांवरून आरोग्य सेविकेनं भरलेला, पी म्हणजे डॉक्टरच्या अंदाजाचा, एल म्हणजे प्रयोगशाळेनं पक्का केलेला. तिन्ही एकत्र करून बेरीज केली की एकच रुग्ण तीनदा मोजला जाऊ शकतो. मॉडेल कुठल्या फॉर्मवर बसवलंय ते आधी ठरवा. एल वापरला तर तपासणीचं प्रमाण दर आठवड्याला बदलतं हेही मॉडेलमध्ये आलं पाहिजे. नाहीतर किट आले त्या आठवड्यात 'साथ वाढली' असं दिसतं.

आता सीमा. चंदगडचा रुग्ण बेळगावच्या दवाखान्यात येतो. कागवाड-अथणीचा मिरजेला जातो. निपाणीचा कोल्हापूरला. म्हणजे बेळगावच्या दवाखान्यातले रुग्ण भागिले बेळगाव जिल्ह्याची लोकसंख्या हा आकडा दोन्ही अंगांनी चुकतो : अंशात बाहेरचे आलेत, छेदातले काही बाहेर गेलेत. उपाय एकच, रुग्णाचं गाव किंवा निदान पिनकोड मिळवायचा आणि दवाखान्याचं खरं कार्यक्षेत्र त्यावरून काढायचं. त्यासाठी दवाखान्याच्या नैतिकता समितीची परवानगी लागते. नाव, फोन, घरपत्ता काढून टाकलेला डेटा मागितला आणि प्रश्न एका पानात स्पष्ट लिहिला तर काम सोपं होतं. बेळगावात आयसीएमआरची राष्ट्रीय पारंपरिक औषध संस्था आहे, जेएनएमसीसारखं मोठं वैद्यकीय कॉलेज आहे. गणिताच्या विद्यार्थ्यानं तिथल्या सामुदायिक आरोग्य विभागाचं दार ठोठावणं हेच या शहरात राहण्याचं भांडवल.

पावसाचं तेच. हवामान खात्याचा दैनंदिन पावसाचा ग्रिड पाव अंशाचा, म्हणजे एक चौकट साधारण २७ किलोमीटरची. कणकुंबी आणि खानापूर गाव यांच्यातला पावसाचा फरक आपल्याला माहीत आहे, चौकटीला नाही. घाटाच्या कडेला ग्रिडवर विसंबू नका, तालुक्याच्या पर्जन्यमापकाचे आकडे शेजारी ठेवून ताडून बघा.

लोंढा_जंक्शन

घटप्रभा यांच्याशी शंभर टक्के सहमत. त्यालाच जोडून, आकड्यांवर मॉडेल बसवताना नेमकं काय बिघडतं ते लिहिते.

१. एकूण रुग्णांच्या चढत्या बेरजेवर रेषा बसवायची नाही. चित्र देखणं दिसतं, पण आजच्या बेरजेत कालची चूक असतेच, त्यामुळे अनिश्चितता खोटी लहान निघते. रोजचे किंवा आठवड्याचे नवीन रुग्ण घ्या, निगेटिव्ह बायनॉमिअल लावा.

२. साथीच्या सुरुवातीच्या आकड्यांतून फक्त वाढीचा वेग कळतो. समजा, तो रोज ०.१ आला, म्हणजे सुमारे सात दिवसांत दुप्पट. संसर्गाचा काळ ५ दिवस धरून एसआयआर (लागण होण्याजोगे, बाधित, बरे झालेले असे तीन कप्पे) लावलं तर आर-नॉट १.५. त्यात ५ दिवसांचा सुप्त काळ (लागण झाली पण अजून दुसऱ्याला देत नाही) हा चौथा कप्पा घालून एसईआयआर लावलं तर २.२५. आकडे तेच, मॉडेल बदललं. एसआयआर १.५ ला अंदाजे ५८ टक्के लोकांना लागण होईल म्हणतं. २ लाच ते ८० टक्क्यांवर जातं. सुप्त काळ बाहेरच्या अभ्यासातून आणा, आकड्यांना विचारू नका, ते सांगणार नाहीत.

३. सॉल्व्हरच्या (समीकरणं आकड्यांनी सोडवणाऱ्या प्रोग्रॅमच्या) मूळ सेटिंगवर विश्वास नको. सायपायच्या सॉल्व्ह-आयव्हीपीत आणि मॅटलॅबच्या ओडीई४५ मध्ये सापेक्ष चुकीची मर्यादा एक हजारांश असते. चित्र काढायला ठीक. फिटिंगमध्ये मात्र त्या बारीक चुकांमुळे लाइकलीहूडचा पृष्ठभाग खडबडीत होतो आणि ऑप्टिमायझर खड्ड्यात अडकतो. ती दशलक्षांश किंवा त्याहून कमी करा. आरच्या डीसॉल्व्हमध्ये एलसोडा हे समीकरणं स्टिफ (काही बदल फार वेगाचे, काही फार संथ) आहेत की साधी ते पाहून पद्धत आपोआप बदलतं, म्हणून नवख्यांना तेच बरं.

४. खऱ्या डेटाला हात लावण्याआधी स्वतःच निवडलेल्या पॅरामीटरनी खोटा डेटा तयार करा आणि तो आपल्याच कोडला द्या. माहीत असलेलं उत्तर परत मिळत नसेल तर खऱ्या डेटाचं उत्तर कुठून मिळणार?

कुंदा_नको_करदंट_द्या

'चित्र देखणं दिसतं' यावरून आठवलं, या विषयाचं सगळ्यात गाजलेलं चित्र मुंबईच्या प्लेगचं आहे. केर्मॅक आणि मॅकेन्ड्रिक, १९२७. डिसेंबर १९०५ ते जुलै १९०६ मधले आठवड्याचे मृत्यू आणि त्यावर बसवलेला घंटेसारखा वक्र : १७व्या आठवड्याला शिखर, ८९० मृत्यू. जवळजवळ प्रत्येक पाठ्यपुस्तकात तो सापडतो. वक्राखालचं क्षेत्रफळ काढा, ८,९०० येतं. मुंबईची वस्ती तेव्हा दहा लाखांच्या आसपास. एक टक्काही माणसं गेली नव्हती, मग 'लागण होण्याजोगी माणसं संपली म्हणून साथ ओसरली' कसं? प्लेग उंदीर-पिसवांचा, आणि तो दरवर्षी उन्हाळ्याच्या उष्म्यात मंदावायचा. निकोला बाकाएर यांनी २०१२ मध्ये ऋतू आणि उंदीर घालून हेच दाखवून दिलं. तीन आकडे हवे तसे बदलता येणारा वक्र कुठल्याही घंटेवर बसतो. एमएस्सीच्या प्रोजेक्टला हाच विषय घ्या, डेटा छापलेला आहे, परवानगी लागत नाही.

ऊसपट्टा_अथणी

सगळे आजारावरच बोलायला लागलासा. शेतीकडं बघा की जरा. २००२ मध्ये सांगली भागात उसावर पांढरा लोकरी मावा आला आणि लागलीच आपल्या अथणी-चिकोडी पट्ट्यातही पसरला. फवारणीनं हाताला लागला नाही, शेवटी डिफा आणि मायक्रोमस या मित्रकिडींनी आवरला. भक्ष्य-भक्षक मॉडेलला याहून चांगलं उदाहरण घरबसल्या मिळणार नाही.

मॉडेल करणाऱ्यांसाठी नोंदी. लोकरी माव्याच्या माद्या नराशिवाय थेट पिल्लं घालतात, त्यामुळे नर-मादी वेगळे कप्पे करायची गरज नाही. डिफाची फक्त अळीच मावा खाते, पतंग खात नाही. भक्षकाचा एकच कप्पा केला तर भक्षण फुगतं. आणि ऊस तुटतो! गाळप हंगामात फडच्या फड एका दिवसात जातो. मावा जातो, त्यावरची मित्रकीडही जाते. हे सलग मृत्युदर म्हणून घालायचं नाही, ठरावीक दिवशी एकदम घट म्हणून घालायचं. शेजारचा फड उभा असेल तर तिथून मित्रकीड परत येते, म्हणून निदान दोन फडांचं मॉडेल हवं.

भूक मोजायचा प्रयोग स्वस्तात होतो. एका डबीत एक अळी, माव्याची संख्या ५, १०, २०, ४०, ८०, प्रत्येकी दहा डब्या, २४ तासांनी किती उरले ते मोजा. अळी न घातलेल्या डब्याही ठेवा. आपोआप मेलेले वजा करायचे असतात.

लोंढा_जंक्शन

@ऊसपट्टा_अथणी, उत्तम. एकच भर : २४ तासांत खाल्लेले मावे परत भरत नसाल तर होलिंगचं साधं सूत्र (भक्ष्य किती असताना भक्षक किती खातो त्याचं) लावू नका, हल्ल्याचा दर कमी निघतो. रॉजर्सचं संपत जाणाऱ्या भक्ष्याचं सूत्र लावा, आरमध्ये त्यासाठी फ्रेअर पॅकेज आहे. आणि खाण्याचा दुसरा प्रकार (भक्ष्य वाढेल तसं खाल्लेल्यांचं प्रमाण सुरुवातीपासून घटतं) की तिसरा (आधी वाढतं, मग घटतं), हे डोळ्यांनी ठरवायचं नाही. खाल्लेल्यांचं प्रमाण संख्येवर लॉजिस्टिक रिग्रेशननं बसवा. पहिल्या घाताचा गुणक ऋण आला तर दुसरा प्रकार.

मार्कंडेय_काठ

भरपूर मिळालं. दोन शंका. डेंग्यूचा आर-नॉट एका पेपरात नेक्स्ट जनरेशन मॅट्रिक्सनं (एका पिढीच्या लागणीतून पुढच्या पिढीत किती लागणी होतात ते मांडणाऱ्या मॅट्रिक्सनं) काढलाय, तो २ येतो आणि दुसऱ्यात ४, पॅरामीटर तेच. कोण चुकलं? आणि गाइडना पहिला मेल कसा लिहायचा?

लोंढा_जंक्शन

बहुतेक कुणीच नाही. मॅट्रिक्सवाल्यानं माणूस ते डास ही एक पिढी आणि डास ते माणूस ही दुसरी धरली, म्हणून वर्गमूळ आलं. दुसऱ्यानं माणूस ते माणूस एकच पिढी धरली. १ चा उंबरठा दोन्हीत तोच. घोटाळा होतो तो लसीकरणाच्या टक्केवारीत. माणसांना लस द्यायची तर '१ उणे १ भागिले आर-नॉट' या सूत्रात माणूस ते माणूस वाला ४ घालायचा, म्हणजे ७५ टक्के. २ घातला तर ५० टक्क्यांवर थांबाल आणि साथ चालूच राहील.

टिळकवाडी_तिसरं_गेट

मेल दहा-बारा ओळींचा. 'आदरणीय सर, आपल्या थोर संशोधनानं प्रभावित होऊन' हे पन्नास जणांना गेलेलं असतं, वाचलं जात नाही. पहिल्या दोन ओळींत त्यांचा कुठला पेपर वाचला आणि त्यातलं कुठलं चित्र स्वतः कोड लिहून परत काढलं ते सांगा. जुळलं नसेल तर कुठं जुळलं नाही तेही लिहा, त्याला हमखास उत्तर येतं. मग नेट किंवा जॅमची स्थिती एका ओळीत. जोडपत्र एकच पानाचं, कोडचा दुवा वेगळा. बायोडेटात शाळेतली बक्षिसं नकोत.

कुंदा_नको_करदंट_द्या

आणि पेपर नवा निवडा. दहा वर्षांपूर्वीचं चित्र परत काढून पाठवलंत तर ते कोड लिहिणारा विद्यार्थी कधीच निघून गेलेला असतो. तुमचं चुकलं की त्यांचं, हे गाइडलाही सांगता येत नाही.